अवंतीचा पहिला शब्द

या हिंदी मुलखात, दीक्षितपुऱ्यात, आमच्या खालच्या मजल्यावर शैलजा राहते. शहपुऱ्याच्या एका शाळेत ती कंत्राटी शिक्षिका होती. मुलगी तीन महिन्यांची झाली आणि शाळेतून निरोप आला, या, नाहीतर दुसरी बघतो. नवरा अतुल रेल्वेत, सदा फिरतीवर. मग अवंतीला सांभाळायला शर्मिला मीच शोधून दिली. बाई सोन्यासारखी. दोष द्यायचा तर कुणाला, तेच कळत नाही आणि त्याचाच मला संताप येतो.

शैलजा सकाळची बस धरायची तेव्हा पोर झोपलेली असायची. संध्याकाळी कडी वाजली की शर्मिला तिला कडेवर घेऊन धावायची, "देखो, देखो, कौन आई?"

सव्वा वर्षाची अवंती एक दिवस दाराकडे बोट करून म्हणाली, "आई!"

शैलजा धावत जिना चढून आली. "काकू, ती मला आई म्हणून राहिली!" हसत होती, रडत होती. गल्लीतली सगळी पोरं मम्मी म्हणतात, ही मात्र आई! मी तिच्या हातावर साखर ठेवली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे बसले होते. गेलेली लाइट आली, पंखा फिरला. अवंतीनं टाळ्या पिटल्या, "आई!" थोड्या वेळानं खिडकीत मांजर आली. "आई!"

हिंदीत आई म्हणजे आली. दिवसभर शर्मिलाच्या तोंडी तेच, बिल्ली आई, लाइट आई, मम्मी आई. शैलजाचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठले. "चहा ठेवू का?" म्हणाले.

महिन्याभरात तिनं नोकरी सोडली, शर्मिलालाही यायला नको म्हटलं. "आता मीच जवळ आहे ना, होईल ठीक." कुठलं ठीक! पोर तिच्या हातून जेवेना, उठून शर्मिलाची वाट बघत दाराशी जाऊन बसे. आणि दिवसभर घरातच असलेली शैलजा येणार तरी कुठून? एक शब्द होता, तोही गेला.

काल दुपारी ती दाराबाहेर उभी दिसली. पायात चपला, खांद्याला शाळेची पर्स.

"काहून बाहेर उभी आहेस ग?"

"काही नाही काकू. घरी येऊन राहिली."

तिनं कडी वाजवली, दार ढकललं, हात पसरले. अवंती धावत आली. तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या रिकाम्या गल्लीकडे.

"नहीं आई," अवंती म्हणाली, आणि तिनं भोकाड पसरलं.