भागवतच्या शेळ्या

भागवतचा ताप उतरत नाही, आणि ज्या डॉक्टरांनी तो उतरवायचा त्यांना भागवत काय काम करतो हेच ठाऊक नाही. संध्याकाळपासून हा विचार माझ्या मानगुटीवर बसला आहे.

भागवत माझा मुलगा. आमच्या बीबी गावाच्या शिवारात त्याची डुकरं आहेत. उकिरड्यावर हिंडणारी नव्हेत. पांढरी, फरशीवर राहणारी, रोज पाइपाने धुतलेली. लग्नानंतर कंपनीतली नोकरी सोडून त्याने ती आणली, तेव्हा गावातली पोरं विचारायची, "पोळ्याले डुकरं सजवून आणतं का बे?" तो हसायचा आणि त्यांनाच चहा पाजायचा.

सकाळी स्वतः चहा घ्यायच्या आधी तो पिल्लांची विष्ठा बघतो. रंग, घट्टपणा, वास. "पोट नीट तं डुक्कर नीट, आई." मी बी.ए. झालेली, मला जिवाणू त्यानेच शिकवले. डुकराच्या आतड्यात कोट्यवधी असतात. चांगल्यांची दाटी असली की वाईटांना जागा मिळत नाही. आईपासून तोडलेल्या पिल्लाच्या पोटातली ही वस्ती विस्कटते आणि त्याला हगवण लागते. सुरुवातीला तो धडधाकट मादीची थोडी विष्ठा पिल्लांच्या कप्प्यात टाकायचा, तिच्यातले जिवाणू त्यांना मिळावेत म्हणून. गुण यायचा, पण सावकाश. एका पावसाळ्यात बरीच पिल्लं मेली आणि तो खाद्यात अँटिबायोटिकची पावडर कालवू लागला. आधी आजारी पिल्लांना, मग सगळ्यांना, रोज.

मागच्या महिन्यात पावडर लागू पडेना. जनावरांचे डॉक्टर धम्मरत्न यांनी विष्ठा तपासायला पाठवली. नाजूक जिवाणू मेले होते, चिवट तेवढे उरून वाढले होते. बऱ्याच औषधांना ते दाद देत नव्हते. "हे तुझ्याही पोटात जाऊ शकतात, हात जप," असं त्यांनी भागवतला बजावलं.

आता त्यालाच हगवण आणि ताप. बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं आहे. इंजेक्शन बदललं, तरी अंग तापलेलंच. डॉक्टरांनी कामधंदा विचारला तेव्हा उशाशी आमचे व्याही माणिकराव होते. हिवरा आश्रम गावचे, कांदा-लसूणही न खाणारे. डुकरांचं कळलं तर ते आमच्या घरचं पाणी पिणार नाहीत, म्हणून त्यांना शेळ्याच सांगितल्या आहेत. त्यांनीच कौतुकाने उत्तर दिलं, "जावयाच्या शेळ्या आहेत." भागवतने ग्लानीत मान हलवली.

हे मला भागवतच्या वडिलांनी सांगितलं. डुकरं उपाशी होती म्हणून ते आज घरी आले. मी धम्मरत्न डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तिथल्या डॉक्टरांना लगेच सांगा. तपासून दुसरं औषध निवडता येईल, वेळ घालवू नका.

मी यांना म्हटलं, आत्ताच सांगा.

"व्याह्यादेखत कसं सांगू? पोरगं बरं होऊ दे, मंग पाहू."

"अन् नाही झालं तर?"

ते उठून मोरीत गेले आणि साबणाने हात धूत राहिले. आत्ताच धुतलेले हात. म्हणजे भीती त्यांनाही आहे.

सून करिष्माला दिवस गेलेत. जेवताना ती हळूच म्हणाली, "आई, बाबाले समजलं तं ते मले घेऊन जातील." घास तिच्या हातातच राहिला.

आता दोघंही झोपलेत, किंवा झोपल्यासारखे पडून आहेत. मला डोळे मिटले की भागवतचं पोट दिसतं, आणि त्यात ते चिवट जिवाणू, एकाचे दोन, दोनाचे चार. माझी भीती खोटीही असेल. पण डॉक्टरांना कळल्याशिवाय ती खोटी ठरणार कशी?

दवाखान्याचा नंबर माझ्याजवळ नाही. भागवतचा फोन बंद लागतो. त्याच्याजवळ आज माणिकरावच आहेत, आणि रात्रपाळीचे डॉक्टर त्यांच्या हाकेच्या अंतरावर. सकाळपर्यंत थांबलं तर सकाळी पुन्हा तेच इंजेक्शन टोचतील.

करिष्माला उठवत नाही. मी माणिकरावांनाच फोन लावते.