पहिल्याच दिवशीचा शेरा

आमचे हे लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकणारा स्टिअरिंगवर, हे शेजारी, आणि यांच्या पायाखाली यांचा वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याने घोळ घातला की हे तो दाबतात. सवय इतकी मुरलीय की घरीसुद्धा मी मनाविरुद्ध काही बोलले, की यांचा उजवा पाय जेवणाच्या टेबलाखाली फरशी दाबायला लागतो. दाबा म्हणावं, मी काही थांबत नाही.

तर यांची खोड अशी. नवीन माणूस पहिल्या दिवशी अर्धा तास शेजारी बसला, की संध्याकाळी घरी येऊन हे एका इंग्रजी शब्दात त्याचा निकाल लावणार. बँकेतली मॅडम ‘नर्व्हस’. समोरचा शिंपी ‘रॅश’. निवृत्त हेडमास्तर ‘स्टबर्न’. आता पहिल्यांदा क्लचवर पाय ठेवणारं माणूस घाबरणार नाही तर काय गाणी म्हणणार? ती मॅडम हल्ली हायवेवरून एकटी गाडी दामटत माहेरी जाते, तरी आमच्याकडे ती नर्व्हस मॅडमच. आणि इंग्रजीच का, तर मराठीत ‘घाबरट’ म्हटलं की भांडण होतं. इंग्रजीत म्हटलं की डॉक्टरने तपासून सांगितल्यासारखं वाटतं, आणि समोरचा मुकाट मान डोलावतो!

मी यांच्याकडे ‘शाय’ आहे. हसू नका. मी यांच्याकडेच गाडी शिकायला गेले होते, आणि पहिल्या दिवशी माझा घसा बसला होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता. हे म्हणाले, शाय. दुसऱ्या दिवशी घसा सुटला तो आजतागायत सुटलेलाच आहे. लग्न झालं, लेक झाली, ती नोकरीला लागली, तरी पाहुण्यांसमोर हे खुशाल सांगतात, "ही जरा शाय आहे." पाहुणे माझ्याकडे बघतात, मी यांच्याकडे.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण मग लेकीने तिला आवडलेला मुलगा घरी आणला. तो आणि त्याची आई मिळून एक छोटी बेकरी चालवतात. पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून, अंघोळ करून बिचारा आमच्याकडे आला, सोफ्यावर टेकला, आणि यांच्या प्रश्नांच्या मधेच त्याला जांभई आली. मग दुसरी. तिसरीला तर पडजीभ दिसली. तो गेल्यावर यांनी फरशी दाबली आणि म्हणाले, "लेझी."

"अहो, दमलेला होता तो!"

"दमलेला कोण आणि लेझी कोण, मला कळतं. रोज माणसं बघतो मी."

"रोज बघता, पण एकेकाला एकदाच बघता!"

पाय आणखी दाबला गेला. विषय संपला.

लेक म्हणाली, बाबांनी हो म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच करणार नाही. हट्टात बापाच्या वर एक पायरी. त्या दिवसापासून ती ताट घेऊन आपल्या खोलीत जेवायला लागली. टेबलावर आम्ही दोघंच. मला घास गिळेना. यांनाही गिळत नव्हता, पण कबूल कोण करतंय?

शनिवारी सकाळी यांची अक्कलदाढ काढायची होती. मी शनिवारी दुपारीच त्या मुलाला आणि त्याच्या आईला चहाला बोलावलं. चुकून नाही, चांगला विचार करून. मुलाला फोनवर बजावलंसुद्धा, "झोप काढून ये रे बाबा."

हे दवाखान्यातून आले ते अर्धं तोंड बधिर घेऊन. पाहुणे येताहेत म्हटल्यावर डोळे वटारले, पण बोलता कुठे येत होतं! इतकी शांतता मला या घरात कधी लाभली नव्हती.

मुलाची आई बेकरीच्या गल्ल्यावर बसते, जे वाटेल ते तोंडावर बोलते. तिने नमस्कार केला, यांनी नुसती मान हलवली. तिने हसून चौकशी केली, हे ताठ. पाण्याचा घोट घेतला तो हनुवटीवरून शर्टावर आला, तेव्हा तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळले. ती माझ्याकडे झुकली, पण आवाज गल्ल्यावरचाच. "तुमचे मिस्टर जरा प्राउड दिसतात."

यांनी माझ्याकडे असं काही केविलवाणं बघितलं! मी बिस्किटांची बशी पुढे केली. "घ्या ना."

"प्राउड काय गं आई?" मुलगा म्हणाला. "गाल बघ ना त्यांचा. काका, दाढ काढली का आज?" आणि कुणाला काही न विचारता उठून त्याने फ्रीजमधला बर्फ नॅपकिनमध्ये गुंडाळून आणला, यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. "दाबू नका, नुसता टेकवा. आणि बोलायचं अजिबात नाही."

"अगंबाई," त्याची आई म्हणाली, "आणि मी एवढ्यात ठरवून मोकळीही झाले!"

हे गालाला बर्फ लावून कधी तिच्याकडे, कधी त्या मुलाकडे बघत राहिले. मी यांच्या पायाकडे बघितलं. फरशीवर नुसता ठेवलेला होता.

सोमवारी सूज उतरली. जेवायच्या वेळी यांनी लेकीच्या दारावर टकटक केली. "त्याला गाडी शिकायचीय म्हणाली होतीस ना? सकाळी नको, दमलेला असतो तो. संध्याकाळी ये म्हणावं. आणि ते ताट घेऊन बाहेर ये." लेक आली, तशीच रडत, हसत.

म्हटलं, लगे हात आपलंही उरकून घ्यावं. "आणि मी हो? माझं शाय कधी काढणार?"

"तुझा घसा बसला होता," हे म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी कळलं मला."

"मग इतकी वर्षं?"

"शाय म्हटलं की तू चिडतेस. चिडलीस की तासभर माझ्याशीच बोलतेस. पाहुणे असले तरी." ताटाकडे बघत म्हणाले, आणि भाजी वाढून घेतली.

मी बोलायला तोंड उघडलं आणि काही सुचेचना. कान गरम झाले. लेक वाकून माझ्याकडे बघायला लागली. "आई! तू चक्क लाजलीस?"

"लाजलेय," मी म्हटलं. "जेवण होईपर्यंत जाईल."