कापसाची की मारुतीची?

"दुखतंय का?" मी पुन्हा विचारलं.

"नाही मॅडम. दोन्ही डोळ्यांपुढे नुसतं पांढरं धुकं."

नव्वदच्या दशकात सुरतेजवळ उधन्यात माझा डोळ्यांचा दवाखाना होता. समोर पाटीलबाई, मराठी शाळेतल्या शिक्षिका. यजमान कापडाच्या लूमवर कामाला, तेही सोबत आलेले. खानदेशी माणूस घराबाहेर पडला की हिंदी झाडतो, तसं त्यांनी माझ्या गुजराती असिस्टंटला सांगितलं, "आँख में रुई गई है." त्याने आत येऊन मला सांगितलं, "रू गयुं छे." म्हणजे कापूस. लूमवाल्यांच्या वस्तीत ते रोजचंच.

पापण्या उलटून पाहिल्या. तंतू कुठेच नाही. पण कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची काच, सुजून धुरकट झालेली. एवढ्या सुजेला माणूस गुरासारखा ओरडतो, आणि या बाई शांत! इन्फेक्शनने नसा मारल्या असतील तर? स्टिरॉइडचे थेंब सूज उतरवतात, पण इन्फेक्शन असलं तर तेच थेंब डोळा घालवतात. घालू की नको?

"आंधळी होईन का हो मी?"

काय सांगणार, कपाळ? मी पुन्हा दिवा बुबुळावर धरला.

बाई यजमानांकडे वळल्या, घरच्या अहिराणीत. "अळ्यासले पाला टाका का?"

यजमान उखडलेच. इथं डोळे चाललेत नि हिला अळ्या सुचताहेत!

"कसला पाला?" मी विचारलं.

"रुईचा. बमरोलीच्या माळावरून आणते. वर्गातल्या मुलांना दाखवायला घरी प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या पाळल्यात. रुईच्या चिकातलं विष त्या अंगात साठवतात, ते फुलपाखरात उतरतं. मग पक्षी त्याला तोंड लावत नाहीत."

"पाला तोडताना डोळे चोळलेत?"

"घाम आला होता..."

हात्तिच्या! हिंदीतली रुई कापसाची, आमची रुई मारुतीला वाहायची. तिचा चीक डोळा बधिर करतो, म्हणून दुखत नव्हतं. जखम दाखवणारा रंग घालून पाहिला, ओरखडाही नव्हता. डोळे धुतले, स्टिरॉइड सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी धुकं तसंच. चुकलं की काय? यजमान दाराशी हात जोडून उभे, त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. त्यानंतर कुठे बुबुळाच्या कडा निवळायला लागल्या.

आठवड्याने बाई बरणी घेऊन आल्या. आत केशरी फुलपाखरू. मी अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं.

"तक्ता राहू द्या मॅडम." त्यांनी बरणी हातभर लांब धरली. "मागच्या पंखावर मधे तीन ठिपके. नराला चार असतात. ही मादी."

मी चष्मा लावून मोजले. तीनच होते. डोळे भरून आले माझे.

असिस्टंटला तेव्हाच ताकीद दिली. कुणी रुई म्हटलं की आधी विचारायचं, कापसाची की मारुतीची?