घारीची दहा मिनिटं

जमिनीपासून पंचावन्न मीटर उंचावर काचेचा एक खोका, खोक्यात एक खुर्ची, दोन्ही हातांखाली दोन दांडे, आणि समोर अख्खं शहर चटईसारखं अंथरलेलं. ही त्या पोरीची जागा. टॉवर क्रेन चालवायची ती. वय पंचवीस. नाव कागदावर असायचं, पण साइटवर सगळे तिला घारच म्हणायचे. दोन टनांची लोखंडी तुळई ती अशी अलगद टेकवायची, की खाली हुकाला माल बांधणारा रिगर वॉकीटॉकीवर ओरडायचा, "अगं, तुळई आहे का झोपलेलं लेकरू?"

क्रेन तिला सख्ख्या मामानं शिकवली. मामा त्याच साइटवरच्या दुसऱ्या क्रेनवर. बावीस वर्षं त्यानं आभाळात काढलेली. त्याचा कायदा एकच: सकाळी चढायचं ते संध्याकाळीच उतरायचं. खाली-वर करायला पाऊण तास जातो, आणि तेवढा वेळ खाली चाळीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी. आता वर ना मोरी ना संडास. मग उतरायची पाळीच येऊ नये म्हणून काय करायचं? तर पाणीच प्यायचं नाही. सकाळी कपभर चहा, दुपारी ब्रेडचे चार तुकडे आणि घसा ओला होईल एवढा घोट.

"आपण उंटाच्या घराण्यातले," मामा ऐटीत सांगायचा, आणि घारीनं तीन वर्षांत मामालाही मागं टाकलं होतं. दिवसाला जेमतेम दीड ग्लास. त्याचा तिला कोण अभिमान!

मग एकदा आठवडाभराच्या तापानं तिला अंथरुणाला खिळवलं. ताप गेला, पण जाताना काहीतरी मागं ठेवून गेला. शिडीच्या तिसऱ्या टप्प्यावर पोचली की छातीत धडधड सुरू. साधीसुधी नाही, पत्र्यावर कुणी गोटे ओतावेत तशी. वर खुर्चीत टेकलं की हळूहळू कमी व्हायची. संध्याकाळी घरी आल्यावर एक बूट काढला की दुसरा काढायला अर्धा तास लागायचा. तशीच दारात बसून राहायची.

आई म्हणाली, "खात नाहीस धड, दुसरं काय!"

रिगर म्हणाला, "धडधड? पोरी, हे छातीचं दुखणं नव्हे. कोण आहे तो, नाव सांग. हुकाला लटकवतो."

दोन डॉक्टर झाले. दोघांनीही पलंगावर झोपवून छातीला तारा लावल्या. ईसीजीची पट्टी निघाली ती देखणी. रक्त ठीक, थायरॉइड ठीक. पहिला म्हणाला टेन्शन घेऊ नका. दुसरा म्हणाला, या वयात होतं असं, मन रमवा कशात तरी. चार महिने हे असं चाललं. शेवटी तिलाच वाटायला लागलं, आपलंच डोकं फिरलंय बहुतेक. वर्षाचा फिटनेसचा कागद तोंडावर आलेला. डॉक्टरची त्यावर सही नसेल तर केबिनमध्ये पाऊल ठेवायचं नाही. म्हणून ती गप्प राहिली.

आणि एका दुपारी, हुकाला काचांची मोठी चौकट लटकत असताना, खालचं नीट दिसावं म्हणून ती खुर्चीतून झटक्यात उठली. डोळ्यांपुढं काळोख. कानांत शिट्टी. छातीत गोटे. हात मात्र शहाणे होते, त्यांनी दांडे सोडून दिले आणि क्रेन जागच्या जागी थांबली. घार धपकन खुर्चीत बसली. नजर निवळली तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं, तर चौकटीच्या खालून पाच डोकी निवांत चाललेली.

तिनं माणसं बाजूला करायला लावली, चौकट खाली टेकवली, आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"मामा, मी उतरतेय. आज पुन्हा चढणार नाही."

पलीकडच्या क्रेनवरून आवाज आला, "का गं? भ्यालीस?"

"भ्याले. उभी राहिले आणि अंधारी आली. खाली माणसं होती, मामा."

साइटभर ते ऐकू गेलं. कुणी थट्टा केली नाही.

कंपनीच्या दवाखान्यात मामा तिला स्वतः घेऊन गेला. तिथली सिस्टर पन्नाशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिनं पलंगाकडं बोट केलं. "झोपा."

घारीचं डोकंच सटकलं. "परत झोपा? सिस्टर, झोपल्यावर मला काही होतच नाही हो! मी काय झोपून क्रेन चालवते? शिडी चढताना होतं, उभी राहिले की होतं. आणि ज्याच्या-त्याच्या दारात गेलं की पहिलं आडवं पाडतात!"

सिस्टरचा तारांकडं गेलेला हात थबकला. तिनं चष्मा वर सरकवला. "काय म्हणालीस? उभी राहिलीस की?"

"तेच सांगतेय चार महिने!"

"मग आता पाच मिनिटं झोप, आणि मग मी सांगितलं की उभी राहा. चक्कर आली तर लगेच सांगायचं."

बोटाला नाडीचे ठोके मोजायचा चिमटा लावला. झोपलेली असताना छोट्या पडद्यावर चौऱ्याहत्तर. उभी राहिली. नव्वद. एकशे सहा. एकशे एकोणीस. घार स्वतःच्या बोटाकडं डोळे फाडून बघत होती.

"सिस्टर, चढतंय! एकशे सव्वीस! सिस्टर, बघा ना, एकशे एकतीस!" छाती फुटायला आलेली, पाय लटपटतायत, आणि चेहऱ्यावर पहिला नंबर आल्यासारखा आनंद. "सापडला चोर! मामा, मी वेडी नाही!"

"आधी बस खाली," सिस्टर म्हणाली, पण तिच्या आवाजालाही जोर चढला होता. ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळालीच.

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले, रक्तदाब पाहिला, पुन्हा एकदा झोपवून उभं केलं. मग म्हणाल्या, "तापानंतर काही तरुण मुलामुलींना असं होतं. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, आणि ते वर आणायला हृदय धावाधाव करतं. तुम्हालाच का झालं, हे मी नाही सांगू शकत. दिवसाला पाणी किती पिता?"

"दीड ग्लास," घार ताठ मानेनं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे कुणी शिकवलं?"

घारीनं मामाकडं पाहिलं. मामा भिंतीवरचा उंची मोजायचा तक्ता फार मन लावून वाचत होता.

आठ आठवडे क्रेन बंद. दिवसभर थोडं-थोडं पाणी, बाईंनी सांगितलं तेवढं जास्तीचं मीठ, मांडीपर्यंत घट्ट मोजे, आणि जमिनीवर पडून पायांचे व्यायाम. नंतर परीक्षा. झोपलेलं असतानाचा आकडा घ्यायचा, दहा मिनिटं उभं राहायचं, आणि या दहा मिनिटांत आकडा तीसनं चढता कामा नये. चढला तर सही नाही.

ते आठ आठवडे ती जमिनीवरून मामाला इशारे देत राहिली. मान वर करून करून मानेला रग लागायची. काही दिवस बरे जायचे. काही दिवस सकाळी उठवायचं नाही, आणि आई न बोलता बुटांच्या नाड्या बांधून द्यायची. पण पाचव्या आठवड्यात एकदा ती जिना चढून घरात आली, ओट्याशी भांडी घासत उभी राहिली, आणि भांडी संपल्यावर तिच्या ध्यानात आलं, की छातीकडं आपलं लक्षच गेलं नाही. तिनं आईला हाक मारून मारून घर डोक्यावर घेतलं.

परीक्षेच्या दिवशी झोपून आकडा आला शहात्तर. म्हणजे एकशे सहाच्या अलीकडं राहायचं.

"उभी राहा," सिस्टर म्हणाली. "बोलू नकोस. हसू नकोस."

एक मिनिट: ब्याण्णव. दोन: पंच्याण्णव. दाराच्या फटीतून मामाचा एक डोळा दिसत होता. चार: अठ्ठ्याण्णव. सहा: एकशे एक. घारीच्या तळपायाला घाम सुटला. सात: एकशे तीन. आठ: एकशे पाच.

"बाहेरच्यांनी श्वास सोडायला हरकत नाही," सिस्टर दाराकडं न बघता म्हणाली, "इथं एकच पेशंट पुरे."

घारीला हसू फुटायला आलं, तिनं ओठ दातांखाली धरला. नऊ: एकशे पाच. घड्याळाचा काटा जणू चिखलातून चालला होता. दहा: एकशे तीन.

"झालं!" सिस्टरनंच टाळी वाजवली.

डॉक्टरीणबाईंनी सही केली, पण खाली दोन ओळी खरडल्या: दर अडीच तासांनी खाली उतरायचं, पाणी वर न्यायचं, बरं वाटेनासं झालं तर त्याच क्षणी काम थांबवायचं. आणि महिन्याला तपासणी.

कागद वाचून साइट इंजिनियरच्या कपाळाला आठ्या. "दर अडीच तासांनी? अगं, दिवसाचे दोन तास जातील! बावीस वर्षांत कुणी असं मागितलं नाही. मामांना विचार."

घारीचे कान तापले. आठ आठवड्यांपूर्वी ती गप्प बसली असती. "सर, त्या दिवशी चौकटीखाली पाच माणसं होती. मी मोजली होती. दोन तासांचं नुकसान तुम्ही कुणालाही समजावू शकता. त्या पाचांच्या घरी काय समजावलं असतं?"

इंजिनियरनं मदतीसाठी मामाकडं पाहिलं. मामानं हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं.

"माझंही लिहून घ्या त्यात," तो म्हणाला. "अडीच तासांनी."

"तुम्हाला काय झालंय?"

"बावीस वर्षं लघवी धरून बसलोय, साहेब. अजून काय व्हायचं राहिलंय?"

इंजिनियर हसला की खोकला कळलं नाही, पण पेन त्यानं उचललं.

घार शिडीला लागली. तिसऱ्या टप्प्यावर छाती बोलायला लागलीच. ती तिथंच फळीवर बसली, दोन घोट प्यायली, खालच्या माणसांना थांबू दिलं. धडधड ओसरली तशी उठली. वर पोचली, खुर्चीत बसली, दांड्यांवर हात ठेवले. वॉकीटॉकी खरखरली. हुक रिकामाच लोंबत होता.

"काय बांधलंय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही," रिगर म्हणाला. "तू चढताना सगळे बघत बसलो होतो."

"बघत काय बसलात? बांधा!"