त्या गेममध्ये गुलामसुद्धा एक धरतात

त्या गेममधली पहिली चांगली गोष्ट म्हणजे तिथं भूक खरी आहे. राजा कितीही मोठा असू द्या, बरोबरचं धान्य संपलं की त्याचं सैन्य वाटेतच गळायला लागतं. लढाई न होताच माणसं मरतात. दादानं हे मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तो हसत होता. "बघ, घालवले ना वाळवंटात मी सगळे!" मी त्याच्या मागं स्टुलावर बसून सैन्याचा आकडा उतरताना बघत होतो. वाटत होतं, आता कुणीतरी काहीतरी करा. करणारं कुणी नव्हतं. दादा चहा पीत होता.

दादा म्हणजे आबांचा मुलगा, आणि आबा माझे मालक. सणसरला त्यांचा ऊस आहे, म्हशी आहेत, कारखान्याला ऊस ओढायला ट्रॅक्टर आहे. मी म्हशी बघतो आणि हंगामात ट्रॅक्टर चालवतो. माझं गाव इथून लांब, बीडकडच्या डोंगरात. शाळा सातवीत सुटली. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला निघायचे, मागं मीही. अर्धं वर्ष वर्गात, अर्धं वर्ष फडात. एक दिवस गुरुजींनी हजेरीत माझं नाव घेणंच सोडलं, आणि मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची आणि डोक्यावरून वाहायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. वडील गेले तेव्हा तेराव्याला आलेल्या मुकादमानं आईला पहिलं हेच विचारलं, "आता तुझा अर्धा कोयता कुठं बसवू, सांग." मग तिच्या जोडीला मी उभा राहिलो. मायलेक मिळून आम्ही एक भरलो.

पुढच्याच हंगामात इंदापूरच्या रस्त्याला ट्रॉलीचं चाक माझ्या पायावरून गेलं. टोळी थांबत नसते. मुकादम म्हणाला, फड तुटायचाय. त्याच रस्त्यानं चाललेल्या आबांनी मला त्यांच्या गाडीत घातलं, बारामतीला दवाखान्यात नेलं, सीट रक्तानं भरली तरी एक शब्द बोलले नाहीत. बरा झाल्यावर गोठ्याशेजारची खोली दिली. हे मी विसरलेलो नाही. आजही त्यांच्या गाडीचा आवाज आला की मी हातातलं काम पुन्हा एकदा तपासतो. दावं नीट बांधलंय का, कडी लावलीय का, दुधाच्या कॅनचं झाकण बसलंय का. माझ्याकडून काही चुकू नये, एवढंच मनात असतं.

पण मी इथं राहिलो आणि आई परत अर्धी झाली. कधी एखाद्या बायको मेलेल्या माणसाबरोबर तिला जोडायचे, कधी दारू पिऊन फडातच झोपणाऱ्याबरोबर. टोळीतल्या बायका तिला विचारायच्या, "यंदा कोणता नवरा मिळाला गं?" ती हसायची. फोनवर मलाही ते हसतच सांगायची.

गोठ्यात दोन माणसांचं काम होतं. आई इथं आली, शेणकूट केलं, वैरण टाकली, तरी खूप. पण आबांना हे विचारायचं कसं? त्या गेममध्ये प्रत्येक सुभेदाराच्या चेहऱ्याशेजारी त्याची निष्ठा किती, तो आकडा दिसतो. कमी झाला की राजा त्याला काहीतरी देतो, की आकडा वर. मला वाटायचं, आबांच्या डोक्यावर असा आकडा असता तर बरं झालं असतं. कधी मागावं ते कळलं असतं.

दादा पुण्याला कंपनीत होता, आता घरूनच काम करायचा. माडीवरच्या खोलीत मोठा स्क्रीन, रंगीत दिवे. गेम खेळून त्यातलं चांगलं-वाईट मराठीत सांगायचे व्हिडिओ तो टाकायचा. संध्याकाळी धार काढून घरचं दूध वर नेलं की म्हणायचा, "बस रे. तू राजा, मी प्रधान." आक्का, म्हणजे त्याची आई, जिन्यातूनच सांगायची, "खुर्चीवर नको हं बसवू, कापडांना शेणाचा वास हाय त्याच्या." म्हणून स्टूल. आणि मी त्या स्टुलावरून रोमपासून गंगेपर्यंतचं जग बघितलं.

मला तो गेम मनापासून आवडला. अक्षरं बारीक, तीही इंग्रजी, पण दादा सांगायचा आणि राहिलेलं चित्रावरून कळायचं. नकाशा इतका सुंदर की माऊस पुढं सरकवत गेलं तरी डोंगर संपत नाहीत. रस्ता बांधला की तो दिसतो, त्यावरून सैन्य लवकर जातं. सगळ्यात भारी म्हणजे एक बटण दाबलं की काळ थांबतो. शत्रू वेशीवर आलेला असतो, तुम्ही काळ थांबवून शांतपणे विचार करता. आयुष्यात एकदा तरी असं बटण हातात यावं.

वाईटही होतं. शत्रू बावळट. एकदा त्याला हरवला की पुढच्या वेळी त्याच वाटेनं येतो. अर्धं जग जिंकल्यावर करायला काही उरत नाही, नुसतं बटण दाबत बसायचं. आणि त्यात पाऊसपाणी नाही. सगळी वर्षं सारखी. आमच्याकडं एक वर्ष दुसऱ्यासारखं कधी आलेलं नाही.

एकदा दादानं एक गाव जिंकलं. गाव पडल्या पडल्या तिथली बरीचशी माणसं त्याच क्षणी राजधानीत येऊन पडली, गुलाम म्हणून. मी म्हणालो, "दादा, हे चुकलंय बघा."

"काय चुकलंय?"

"माणसं चालली कुठं मधी? वाटेत कुणी दमलं नाही. कुठं राहायला पाचटाची कोपी बांधली नाही. एवढ्या बायका आणल्या, एकीचंही बाळंतपण वाटेत झालं नाही. असं कुठं असतं का?"

दादानं काळ थांबवला आणि माझ्याकडं वळला. "थांब. हे कॅमेऱ्यापुढं बोलशील?"

मी नको म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "आईचं काय ते म्हणत होतास ना? व्हिडिओ चांगला चालला की आबांना मी सांगतो. शब्द माझा."

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर गेलो. मोबाइल उभा केलेला, गोल दिवा डोळ्यात जाणारा. दादा म्हणाला, "आधी चांगल्या बाजू, मग उणिवा. घाबरू नको, मोकळं बोल."

मी भूक सांगितली, रस्ते सांगितले, काळ थांबवायचं सांगितलं. मग पुढं बोललो. ते ठरवलेलं नव्हतं, पण खरं होतं. "आणखी एक चांगलं हाय. ह्यात माणूस मोजताना एक म्हणूनच मोजतात. नवरा वेगळा, बायको वेगळी. विधवा असली तरी एक. गुलामसुद्धा एक धरतात. आमच्यात दोघं मिळून एक कोयता. वडील गेल्यापासून माझी आई अर्धी हाय."

दादा पलीकडून हसून म्हणाला, "म्हणजे गुलाम झालेलं बरं म्हणतोस?"

तो हसला म्हणून मीही हसलो. त्याला आवडावं म्हणून म्हणालो, "मोजणीपुरतं बरं, दादा."

व्हिडिओ चालला. खूपच चालला. दादानं त्यातली भूक काढली, रस्ते काढले, आईही काढली. राहिलं एवढंच, तेही मागचं पुढं करून: इस्त्रीच्या शर्टातला मी म्हणतोय, "आमच्यात दोघं मिळून एक कोयता. गुलामसुद्धा एक धरतात. बरं, दादा." मागून हसण्याचा आवाज. खाली लिहिलेलं, 'आमचा गडी गेम शिकवतो'.

दूध घालायला डेअरीवर गेलो तर तिथं रांग हसत होती. "वाट द्या रे, राजे आले!" "राजे, फॅट किती लागली गुलामांची?" एकानं माझ्या कॅनला हात जोडले. दूध मोजणारा म्हणाला, "ह्याचं दूध अर्धंच धरा, अर्धा कोयता हाय." हे त्याला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक. बहुतेक दादानंच, कट्ट्यावर. मी पण हसलो. हसलं की लवकर संपतं.

आबांना तो व्हिडिओ बारामतीत एका लग्नात कळला. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी मोबाइल त्यांच्या ताटावर धरला आणि म्हणाला, "आबा, गुलाम ठेवलेत म्हणं तुमी?" आबा जेवण टाकून उठले. घरी आले आणि ओसरीवर बसून मला हाक मारली.

"आमी तुला गुलाम ठिवलाय व्हय रे?"

"न्हाय आबा."

"मग त्यात तोंड कुणाचं हाय? माझं?"

मी दादाकडं बघितलं. दादा जिन्यात उभा राहून मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊ द्या ना आबा. गंमत होती. त्यालाच फार बोलायची हौस."

आतून आक्का म्हणाली, "पाय मोडून रस्त्यात पडलं हुतं. उचलून आणलं, त्याचं हे."

आक्का खोटं बोलत नव्हती. पडलो होतो, आणि त्यांनीच उचललं होतं. मी आबांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागं घेतला नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी शांतपणे, शेताचं काही ठरवावं तसं म्हणाले, "तुझ्या आईचं सांगितलं हुतं ह्यानं मला. घेणार हुतो. खोलीला पत्रा बी वाढवून घ्यायचा हुता. आता न्हाय. एकट्यानं एवढं बोललास, दोघं मिळून काय काय बोलाल." मग टोपी परत डोक्यावर घालून, "तू ऱ्हा. तुझं काय न्हाय."

मी म्हणालो, "उपकार झाले आबा." आणि ते मी मनापासून म्हणालो. मला काढलं असतं तर जायचं कुठं?

चार लोक बोलायला लागले म्हणून दादानं दुसरा व्हिडिओ घेतला. त्यात मी म्हशीजवळ उभा राहून म्हणतो की मी इथं सुखात आहे, मालक देवमाणूस आहेत. एका दमात बोललो, चुकलो नाही. तो फारसा कुणी बघितला नाही.

आबांच्या उसाला तोड मिळाली, तेव्हा कारखान्याच्या, तोडीच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या चिटबॉयनं पाठवलेली टोळी आईची निघाली. यंदा तिच्या जोडीला एक खोकणारा म्हातारा होता, चार मोळ्या टाकल्या की खाली बसायचा. मुकादमानं बांधावरून आबांना हाक मारून सांगितलं, "आबा, ही बघा तुमच्या राजाची राजमाता!" आबा हसले नाहीत. मुकादम आणि टोळी मात्र हसली.

मी ट्रॅक्टरवर होतो. फड उताराला, ट्रॉली निम्मी भरलेली. ट्रॅक्टरचा हँडब्रेक कधीचा गेलेला, म्हणून ट्रॉली भरेपर्यंत पायानं ब्रेक दाबून बसावं लागतं. आई मोळी बांधून ट्रॅक्टरपाशी आली. डोक्यावरच्या चुंबळीतून पाचटाचा भुसा तिच्या भुवयांवर पडलेला. टोळीतल्या एका पोरीनं तिला व्हिडिओ दाखवला होता.

मला वाटलं, रडेल किंवा चिडेल. तिनं फक्त विचारलं, "त्या खेळात मला एक धरत्यात?"

"हो."

"एकटीलाच?"

"एकटीलाच."

तिनं भुवयांवरचा भुसा पुसला. "मग मोळी डोक्यावर कोण उचलून देतं?"

मी म्हणालो, "तिथं मोळी नसती, आई."

"मग कशाचा खेळ त्यो," ती म्हणाली, आणि मोळीकडं गेली.

मोळी मोठी होती. मुकादमाला दाखवायला मोठी बांधली असावी. तिनं ती एका टोकावर उभी केली आणि म्हाताऱ्याला हाक मारली. म्हातारा लांब, पाण्याच्या ड्रमपाशी खोकत बसला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी स्टेअरिंगवरचा एक हात सोडला.

"तू उतरू नको," बांधावरून आबा म्हणाले. "उताराला हाय ट्रॉली. त्यांची माणसं हायत तितं."

खरंच होतं ते. मी उतरलो असतो तर ट्रॉली खाली गेली असती, आणि खाली आठ-दहा माणसं तोडत होती. मी हात परत स्टेअरिंगवर ठेवला. चाक वरून गेलेल्या पायानंच ब्रेक दाबून धरला होता, तो पाय ताणला की अजून दुखतो.

आई मोळीला दोन्ही हात लावून उभी राहिली. म्हातारा खोकत होता. मुकादम ओरडला, "ए अर्धी, काय देवाची मूर्ती व्हायचंय व्हय तुला?" ती हलली नाही, कारण मोळी सोडली असती तर पडली असती. मीही हललो नाही. म्हातारा पाणी पिऊन उठेपर्यंत आम्ही दोघं तसेच राहिलो.