कुसुमताईंचं गॅरेज

शेजारच्या कुसुमताई गॅरेजमध्ये बसून छिन्नीने उखडलेला कोबा फोडत होत्या. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या यजमानांना, अण्णांना, चालण्याचा सराव करायचा होता आणि मोकळी जागा तेवढीच होती.

"वरूनच सिमेंट फासलं तर?" मी विचारलं.

"पुन्हा निघेल. सैल झालेलं आधी काढायलाच हवं."

धूळ झाडून, जमीन भिजवून त्यांनी खड्डे भरले, थापीने सारखे केले आणि आठवडाभर वरून पाणी मारलं. एखाद्याला सावरायचं म्हणजे कधी कधी त्याच्या पायाखालची जमीनच नीट करावी लागते, असं मला त्यांच्याकडे बघताना वाटत राहिलं.

मग एका सकाळी अण्णा भिंत धरून निघाले. मध्येच त्यांनी हात सोडला. ताई धरायला धावल्या नाहीत. पदर तोंडाशी घेऊन त्या जागीच उभ्या राहिल्या आणि त्यांना चालू दिलं.