आंब्याच्या पोळीची बिस्किटं

सेलूत दिवाळीची बिस्किटं बायका बेकरीतून भाजून आणतात. मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, तिथंच मळायचं, पत्र्याच्या ट्रेवर मांडायचं आणि भट्टीचा नंबर लागेपर्यंत मैद्याच्या पोत्यांना टेकून बसायचं. आसपासच्या खेड्यांतल्या बायकाही डबे घेऊन येतात. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांची बिस्किटं सगळ्यांहून वेगळी असत. उन्हाळ्यात वाळवलेली आंब्याची पोळी दुधाचा हात लावून मऊ करायची, लाटलेल्या पिठावर पसरायची, वळकटी करायची आणि कापायची. आत पिवळं चक्र दिसायचं, त्यामुळे ट्रे कुणाचा ते विचारावं लागत नसे.

मागच्या दिवाळीला मी ओव्हन आणला. खरं सांगते, हौस माझी होती आणि निमित्त आत्याबाईंच्या गुडघ्यांचं.

"जाऊन आले अस्ते की मी," त्या म्हणाल्या. "तिथं बाया भेटतेत."

"धुरात खोकत बसून काय भेटायचं? त्यांनाच घरी बोलवा," मी म्हणाले. वादात मी कुणाला हार जात नाही, आणि समोरचं माणूस गप्प झालं की त्याला पटलं असं धरून चालते. आत्याबाई गप्प झाल्या. मी ओव्हनचा खोका फोडला.

बिस्किटं आम्ही दोघींनी मिळून केली. त्यांनी लाटली, मी कापली. छान खुसखुशीत झाली, चक्रंही फुटली नाहीत. "बेस झाले," असं त्या म्हणाल्या आणि मधेच एकदा, "आज बेकरीत लय गर्दी आसंल," असंही म्हणाल्या. मला ते कौतुकच वाटलं, गर्दीतून सोडवल्याचं. मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. शाबासकी भरपूर मिळाली.

भाऊबीज झाल्यावर मी पाव आणायला बेकरीत गेले. बेकरीवाले चाचा मला ओळखतात. गल्ल्यावरून उठले आणि म्हणाले, "अम्मा नै आये इस साल? वो ताडकळसवाले अम्मा रोज आके बैठते थे. आखरी ट्रे निकले तक."

ताडकळस आत्याबाईंचं माहेर. त्यांची एक बालमैत्रीण सेलूजवळच्याच खेड्यात दिलेली, हे मी कधीतरी ओझरतं ऐकलं होतं. माहेरी आता दोघींचंही कुणी उरलेलं नाही, म्हणून वर्षातून एकदा त्या या पोत्यांपाशी भेटत. चाचांकडून कळलं, ती मैत्रीण आता घराला कुलूप लावून लेकाकडे पुण्याला गेली होती, कायमची. जाताना आत्याबाईंसाठी चाचांकडे एक डबा ठेवून गेली होती.

वाटेत मला चाचांचाच राग आला. एक निरोप धाडायला काय झालं होतं? मग लक्षात आलं, त्यांना आमचं घर कुठं माहीत? करून सवरून नामानिराळी व्हायला मी दुसऱ्याचं दार शोधत होते.

डबा मी आत्याबाईंच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. आत जिऱ्याची बिस्किटं होती. त्यांनी एक मोडून तोंडात टाकलं.

"मी तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुला काय म्हाईत, माय," त्या म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते. त्यांनी तर मला मोकळं करून टाकलं, आणि ते मला अजून सोसत नाही. बाया भेटतेत, असं त्यांनी सांगितलं होतं. कोण बाया, एवढंही मी विचारलं नव्हतं. स्वतःची लाज वाटते, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो डबा घासला, पुसला आणि आमच्या चक्राच्या बिस्किटांनी भरला. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. झाकण लावून त्या तो मांडीवर घेऊन बसल्या.

"मी त्यांच्या गावात जाऊन लेकाचा नंबर काढते," मी म्हणाले. "आजच फोन लावून देते तुम्हाला."

"नंबर मिळंल गं," त्या म्हणाल्या. "पर फोनवर आमी काय बोलावं? तिथं तर आमी नुस्तं शेजारी बसायचो."